न चावता खायचं सँडविच

स्ट्रोकनंतर नवऱ्याचा हात परत आला, बोलणं बऱ्यापैकी परत आलं. गिळणं आलं नाही. थेरपिस्टने नियम घालून दिले: सगळं मऊ, ओलं, एकजीव. पाण्यातसुद्धा पावडर घालून ते दाट करायचं. ब्रेड तर नाहीच, तो घशात गोळा होऊन बसतो. मी मऊ भात, सरसरीत खिचडी, गाळलेलं वरण करत राहिले. दोन चमचे झाले की तो तोंड फिरवायचा. वजन उतरत गेलं. असंच चाललं तर पोटात नळी घालावी लागेल, असं हॉस्पिटलने स्पष्ट सांगितलं.

"नळी नको," तो म्हणाला.

"मग खा."

"सँडविच दे."

कुठलं, ते मला ठाऊक होतं. आम्ही राहतो त्या गुंगालिनच्या ट्राम स्टॉपपलीकडे एक डेली आहे, काउंटरवर मांस कापून सँडविच बांधून देतात. शनिवारी तो तिथे राय ब्रेडमधली पास्त्रामी, म्हणजे खारवलेल्या मसालेदार मांसाचे काप, खायचा, मी समोर चीज-टोमॅटो. मांस बाहेर, घरात नाही, हा आमचा लग्नापासूनचा कायदा, आणि तो माझाच. पण आता त्याला बाहेर खायला नको होतं. लाळ गळते, ठसका लागतो, लोक बघतात.

थेरपिस्ट म्हणाली, भिजवलेल्या ब्रेडचं करून बघा, नो वरीज, फक्त कोरडा कण एकही राहता कामा नये.

डेलीतल्या माणसाने विचारलं, पास्त्रामी किती पातळ कापू? म्हटलं, कशीही काप, मिक्सरमध्येच घालायची आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पैसे देऊन लगेच निघाले.

"चटणीच्या भांड्यात वाटणार?" नवरा खुर्चीतून म्हणाला.

"मोठ्या भांड्यात."

"तुझी आई वरून बघतेय."

"बघू दे. ब्रेड कसा भिजवायचा ते विचार तिला."

राय ब्रेडमध्ये बिया, म्हणून तो बाद. साध्या पांढऱ्या ब्रेडच्या कडा कापून तो दाट केलेल्या स्टॉकमध्ये भिजवला, तर उचलताना हातात लगदा आला. दुसऱ्या वेळी कमी भिजवला, तर मधोमध कोरडा राहिला. मांसाचा मिक्सरमध्ये रबरी गोळा झाला आणि चरबी भांड्याला चिकटून बसली. गरम स्टॉक घालून पुन्हा वाटलं, चाळणीतून दाबून काढलं. आंबवलेल्या काकडीची साल चालत नाही, म्हणून तिचं नुसतं पाणी घातलं. त्याने सगळं पातळ झालं. परत पावडर.

तिसऱ्या दिवशी जमलं. पिठल्याच्या वडीसारखं थरथरत होतं, पण त्रिकोण होता, थर दिसत होते, वर मस्टर्डचा वास होता.

तो ताठ बसला, शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली घेतली. एक चमचा. ठसका नाही. दुसरा चमचा तोंडात बराच वेळ धरून मग गिळला. चमचा खाली ठेवला.

"मीठ कमी आहे का?"

"नाही. चव तीच आहे. अगदी तीच."

"मग खा की."

"मला वाटत होतं चव हवीय." तो ताटलीकडे बघत राहिला. "दात लावायचे होते गं मला."

"अजून दोन घास घे, मग बोलू."

"नको. घालू दे नळी."

मी चमचा भरून त्याच्या तोंडाशी नेला. त्याने ओठ मिटून घेतले. मी तो तसाच धरून ठेवला, हात दुखेपर्यंत. मग ताटलीत ठेवला आणि हॉस्पिटलला फोन लावला. तिकडच्या मुलीने जन्मतारीख विचारली, औषधं विचारली, आणि शेवटी विचारलं, पेशंट स्वतः तयार आहे ना?

मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्यापुढे धरला.

"येस," तो म्हणाला. स्ट्रोकनंतर इतका स्वच्छ शब्द मी त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.