भूल देणाऱ्या आत्या

माझ्या बायकोच्या आत्यांनी आजवर जेवढे गोरे झोपवले, तेवढे इथल्या पार्लमेंटमधल्या भाषणांनीही झोपवले नसतील. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात त्या भूलतज्ज्ञ होत्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण समोरच्या माणसाकडे त्या अजूनही तो टेबलावर आडवा असल्यासारख्याच बघतात. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा बाकीच्यांनी मला पगार विचारला, व्हिसा विचारला. आत्या फक्त म्हणाल्या, "आ कर." मी आ केला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, माझी हनुवटी वर करून मान न्याहाळली आणि भरल्या घरात जाहीर केलं, "मुलगा चांगला आहे, पण मान आखूड. भूल देताना घशात नळी घालायला त्रास देणार हा." सासूबाईंचा चेहरा पडला. मुग्धा मात्र खुदकन हसली, आणि त्या हसण्यावर आमचं लग्न झालं असं मी आजही मानतो.

त्यांच्याकडे जेवायला गेलं की ताट वाढण्याआधी चौकशी होते. कशाची अ‍ॅलर्जी? शेवटचं कधी खाल्लंस? दात हलतोय का? त्यांची चकली चावून पाहिल्यावर हा शेवटचा प्रश्न किती रास्त आहे ते कळतं. फोडणीचं तेल त्या सिरिंजने घालतात. मोटरवेवर माझ्या शेजारी बसल्या की रस्त्याऐवजी माझ्या छातीकडे बघतात आणि मधूनच म्हणतात, "श्वास का रोखलास? लॉरी गेली कधीच." एकदा आम्ही त्यांना नाटकाला नेलं होतं. नायक विष पिऊन पडला, सगळं थिएटर गहिवरलं, आणि त्या शांततेत आत्या मराठीतून पण चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "उत्तम चाललाय श्वास!"

अशा बाईला मी मशरूमबद्दल विचारलं, यावरून माझ्या तेव्हाच्या बुद्धीचा अंदाज यावा.

मी लंडनजवळच्या रीडिंगला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या एका हिवाळ्यात मला काही वाटेनासंच झालं. दुःख म्हणावं तर तेही नाही. बाहेर चार वाजता अंधार पडायचा, माझ्यात तो सकाळपासूनच पडलेला असायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थोडं बरं वाटायला लागलं, पण थोडंच. त्या सुमाराला आमच्या टीममधला एक गोरा मुलगा कॅन्टीनमध्ये हलक्या आवाजात मायक्रोडोसिंगचं सांगायला लागला. मनाची कवाडं उघडणारे, नशेचे जादूचे मशरूम वाळवायचे आणि इतके किंचित घ्यायचे, की काही जाणवताच कामा नये. काही जाणवू नये इतपत काहीतरी घ्यायचं, ही कल्पना होमिओपॅथीवर वाढलेल्या माझ्यासारख्याला ताबडतोब पटली. इथला कायदा त्या मशरूमला हेरॉइनच्या पंगतीत बसवतो. आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तोंडावर आलेला. तरी मी त्याच्याकडून पुडी घेतली आणि हिंगाच्या रिकाम्या डबीत लपवली.

मी पुण्याचा, त्यामुळे बेकायदेशीर गोष्टसुद्धा पद्धतशीर करायला हवी. वेबसाइटवर लिहिलं होतं, सेफली आणि माइंडफुली. म्हणून मी आधी ध्यान सुरू केलं. शांत होण्याची वेळ झाली की फोनवर गजर व्हायचा आणि मी दचकायचो. मग मनात एक इंटेन्शन धरायचं होतं. त्याला मराठीत संकल्प म्हणून पाहिलं, तर हातात पळी आणि पुढे भटजी हवेत असं वाटायला लागलं. शिवाय वाचनात आलं की माझ्या गोळ्या आणि हे मशरूम यांचं एकमेकांशी बरं नाही. शहाण्या माणसाने मशरूम सोडले असते. मी गोळ्या सोडल्या. एका दिवसात, कुणाला न विचारता, मुग्धालाही न सांगता.

थोड्याच दिवसांत गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात वीज चमकून जायची. कारण नसताना रडू यायचं. मशरूमला मी अजून हातही लावला नव्हता, पण माझी खात्री झाली की मनाची कवाडं उघडू लागली आहेत.

शनिवारी सकाळी मुग्धा बाहेर गेलेली बघून मी आत्यांना फोन लावला. "आत्या, माझा एक मित्र आहे."

"आखूड मानेचा?"

मी तिकडे दुर्लक्ष करून मित्राचा बेत हिंगाच्या डबीसकट सांगितला. आत्यांनी मधे टोकलं नाही. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. मित्राचं हृदय कसं आहे? घरात कुणाचं डोकं फिरलं होतं का? आणखी काय घेतो?

"गोळ्या घेत होता."

"होता म्हणजे?"

"सोडल्या त्याने," मी म्हणालो. मग एकदम वेगळ्या आवाजात त्यांनी विचारलं, "मरावंसं वाटतंय का रे तुला?"

मी नाही म्हणालो. मग म्हणालो, "काल जरासं वाटलं होतं." हे मी स्वतःलाही तोवर सांगितलेलं नव्हतं.

"फोन ठेवू नकोस," आत्या म्हणाल्या. दुसऱ्या फोनवरून त्यांनी मुग्धाला घरी पाठवलं. मुग्धा दारातून आत येईपर्यंत त्या माझ्याशी पडवळाच्या भाजीबद्दल बोलत होत्या. मग गाडी काढून त्या स्वतः आल्या. तोवर मी मुग्धाला सगळं सांगितलं होतं. ती रडली आणि चिडली, दोन्ही एकदमच.

आत्यांनी आल्या आल्या हिंगाची डबी मागितली. "हे नक्की कसले मशरूम आहेत, हे तुला कोणी सांगितलं?"

"टीममधल्या मुलाने."

"काय करतो तो?"

"टेस्टिंग."

"मग त्यालाच करू दे." पुडी टॉयलेटमध्ये गेली. त्यानंतर त्यांनी मला इमर्जन्सी लाइनवरच्या डॉक्टरशी बोलायला लावलं आणि मी काही गाळतोय का, ते ऐकत शेजारी उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू करायला सांगितल्या.

आठवडाभर त्या आमच्याकडे राहिल्या. उपदेश केला नाही. मी सोफ्यावर पडलेला असायचो आणि त्या उशाशी खुर्ची टाकून शब्दकोडं सोडवायच्या. मी जागा झालो की आडवा शब्द विचारायच्या. दुपारी बळेच नदीवर फिरायला न्यायच्या. एकदा थेम्सच्या काठाने चालताना मी म्हणालो, "तुम्हाला हा सगळा वेडेपणाच वाटत असेल."

"छे. आमचे हे गेल्यावर मलाही हवे होते ते मशरूम." त्या बदकांकडे बघत होत्या. "एका ठिकाणी रीतसर प्रयोग चालू होता. डॉक्टर, नर्स, सगळं व्यवस्थित. मी नाव दिलं. मला तपासलं आणि ठोके अनियमित म्हणून परत पाठवलं."

"मग?"

"मग काय! बरोबरच होतं त्यांचं. मीही नसतं घेतलं मला." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "वाईट मात्र वाटलं हं. तिथे दिवसभर कुणीतरी शेजारी बसणार होतं."

मी सावकाश बरा झालो. कवाडं वगैरे काही उघडली नाहीत. मार्चमध्ये एका सकाळी चहाला चव आहे असं जाणवलं, इतकंच.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही साउथहॅम्प्टनला गेलो. आत्या आम्हाला बंदरावर घेऊन गेल्या. एक भलीमोठी क्रूझ निघत होती आणि डेकवर माणसांच्या रांगा उभ्या होत्या. "मी येते अधूनमधून," त्या म्हणाल्या आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागल्या. ओळखीचं कुणी नव्हतं. मुग्धाने हात हलवला, मग लाजत लाजत मीही. वरून एका बाईने रुमाल फडकवला. आत्या टाचा उंचावून बघत राहिल्या.

"मलाच हात केला ना तिने?"

"तुम्हालाच," मी म्हणालो. बोट वळेपर्यंत आम्ही तिघंही हात हलवत उभे होतो.