वाघमारे मॅडमनी मला पायरीवरून उठवलं

वाघमारे मॅडम गेल्या. ग्राउंडवर मला 'उठ' म्हणणारं त्यांच्याआधी कुणी भेटलं नव्हतं.

बाकी सगळे 'बस' म्हणायचे.

लहानपणी मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडले. तेव्हापासून उजवा गुडघा नीट वाकत नाही. शाळेत पीटीचा तास आला की बाई मायेनंच म्हणायच्या, तू बस बाळा. मी बसायचे. सगळ्यांच्या बॅगा, बाटल्या, चपला माझ्या ताब्यात.

आई दरवर्षी डॉक्टरचं नवं सर्टिफिकेट आणायची. चुकून कुणी पोरीला पळायला लावू नये म्हणून.

अकरावीला फुलंब्रीहून एसटीनं संभाजीनगरला येणं-जाणं सुरू झालं. आर्ट्सला शारीरिक शिक्षण हा विषय होता, थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही वाघमारे मॅडमच घ्यायच्या. आमच्या लेखी तो ऑफ पिरियडच.

परीक्षा जवळ आली की इंग्रजीचे सर तो तास मागायला यायचे. मॅडम दारातच हसून सांगायच्या की माझा पोर्शन राहिलाय. सर गुपचूप परत जायचे.

पहिल्या प्रॅक्टिकलला मी सवयीनं पायरीवर जाऊन बसले आणि सर्टिफिकेट पुढं केलं. मॅडमनी ते सावकाश वाचलं.

"यात पळू नको असं लिहिलंय. बसून राहा असं कुठं लिहिलंय? उठ."

उठले. पण राग इतका आला की घरी जाताना बसमध्ये रडले.

दुसऱ्या दिवशी आई माझ्यासोबत कॉलेजात. भांडायलाच आली होती. मॅडमनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. पोरीला काही झालं तर कोण बघणार, हे आईनं पुन्हा पुन्हा विचारलं.

मॅडमनी माझाच हात धरून माझ्या मांडीवर, गुडघ्याच्या वर ठेवला. म्हणाल्या, पाय ताण. मग आईकडं बघून म्हणाल्या,

"हा स्नायू झोपलाय ताई. मेला नाय."

आईनं तिथं बसूनच डोळे पुसले.

त्याच आठवड्यात मॅडम आम्हा दोघींना दवाखान्यात फिजिओथेरपिस्टकडं घेऊन गेल्या. त्यांनी जे व्यायाम दिले ते मॅडमनी वर्षभर ग्राउंडच्या कडेला माझ्याकडून करून घेतले. बाकीच्या पोरी राउंड मारायच्या तेव्हा मी पाय उचलत बसायचे. कंटाळा केला की लांबून आवाज यायचा, "ए फुलंब्री, झोपलीस का?" गावाच्या नावानं हाक मारायची त्यांची सवय.

गुडघा पूर्ण बरा झाला नाही. आजही नाही. पण जिना चढताना कठडा धरायचं सुटलं.

बारावीत त्यांनी मला खो-खोचं पंच व्हायला शिकवलं. पुस्तकातले नियम मला पाठ होते, पण नजर कुठं ठेवायची ते त्यांनी शिकवलं. हाताकडं सगळेच बघतात, तू पायाकडं बघ, म्हणायच्या.

गॅदरिंगच्या मॅचेसमध्ये फायनल आली आर्ट्स विरुद्ध सायन्स. एका बाजूची पंच मी. आमच्या आर्ट्सची कॅप्टन शबाना, माझी जिवलग मैत्रीण.

शेवटच्या मिनिटाला शबानानं सायन्सच्या पोरीला गाठलं. अख्खं आर्ट्स नाचायला लागलं.

पण हात लागायच्या आधी तिचा पाय मधल्या पट्टीत पडला होता. मी फाउल दिला. पोरगी बाद नाही. आम्ही एका पॉइंटनं हरलो.

माझ्याच वर्गातली पोरं मला लंगडी म्हणून ओरडली. हिला नीट उभं राहता येत नाय, हिला काय दिसतं, असंही कुणी तरी म्हणालं. एक सीनियर सर मैदानात आले. गॅदरिंग आहे, कशाला वाद, निर्णय बदलून टाका, असं ते मॅडमना सांगत होते. मॅडम आर्ट्सच्याच क्लास टीचर होत्या. आमची टीम त्यांनीच तयार केलेली.

मला वाटलं, आता त्या मला बाजूला घेणार.

"निर्णय पंचाचा असतो सर. मलाही बदलता येत नाय."

एवढंच. आवाजही चढवला नाही.

सगळे पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

"तुला दिसला का पाय?"

"दिसला मॅडम."

"मग झालं. जा आता, बस चुकंल."

शबाना कितीतरी दिवस बोलली नाही. डबा घेऊन दुसऱ्या बाकावर बसायची. मग प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या सकाळी ती आली आणि सगळ्या पोरींसमोर म्हणाली, "पट्टी में पडा था मेरा पाँव. तेरे कू बराबर दिखा."

त्या परीक्षेत सर्टिफिकेटवर मला ग्रेड देऊन टाका, असं ऑफिसचं म्हणणं होतं. मॅडमनी परीक्षाच घेतली. मला ए नाही मिळाला, बी मिळाला. मी तो गावभर दाखवला.

आज मी बँकेत नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी तालुक्यातल्या खो-खोच्या मॅचेसना पंच म्हणून उभी राहते. आई आता गर्दीत बसून बघते.

रिटायर झाल्यावर मॅडम त्यांच्या कॉलनीतल्या बागेत म्हाताऱ्या बायांना व्यायाम शिकवायच्या. दिवाळीत भेटायला गेले तर नऊवारीतल्या आजींना हात वर करायला लावत होत्या. मला म्हणाल्या, ही बॅच लई आळशी आहे, पण सुधरंल.

आज पहाटे झोपेतच त्या गेल्या. शबानाचा फोन आला. ती बोलू शकत नव्हती, म्हणून मला कळलं.

संध्याकाळी आम्ही दोघी येतोय मॅडम, तुम्हाला पोचवायला.

जयभीम.