मिक्सभाईच्या हिरव्या ठिपक्याच्या सीड्या

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं आमची गच्चीवरची खोली घेतली. आगाऊ भाडं दोन हजार. हजर मी आणि माझी पत्नी सुमन. पैसे काढण्याआधी त्यानं चारही भिंतींना तळहात लावून पाहिला.

“ओल शोधतोस का?” मी विचारलं.

“न्हाई काका. आवाज कुठून खाली उतरल ते बघून राहिलो.”

तिथेच माझा संशय जागा झाला. पुढे कळलं, ही त्याची खोडच होती. उभ्या एसटीचा पत्रा, जनरेटर, शेजारच्या म्हशीचं पोट, जे थरथरेल त्यावर याचा तळहात. कानावर माझा भरवसा नाही, म्हणायचा.

तो नांदेडचा; वडिलांचं तिकडे कॅसेटचं दुकान. लातुरात आमच्या बाकीच्या खोल्यांत क्लासची मुलं राहायची आणि त्यांच्या पालकांना शांतता हवी असायची. हा मात्र डीजेवाल्यांसाठी नाचाची गाणी तयार करायचा. मुलं त्याला मिक्सभाई म्हणत. स्पीकर लावायचा नाही, हेडफोनवर काय ते ऐक, अशी मी अट घातली. त्यानं लगेच मान हलवली. इतक्या लवकर कबूल होणारा भाडेकरू मला आवडत नाही.

पुण्याच्या क्लबांत वाजणारी, ‘हाउस’ नावाच्या विलायती नाचसंगीताची नवी गाणी त्याचा मामेभाऊ पाठवायचा. हा त्यांत आपल्याकडची हलगी मिसळून लग्नसराईत एकामागून एक नवं गाणं काढायचा आणि लोहा, मुदखेड, हिमायतनगरचे डीजेवाले ते न्यायला आमच्या जिन्यात बसून राहायचे. असल्या गाण्यांवर पुण्यात नाचतं तरी कोण, असं मी एकदा विचारलं.

“तिथं नाचणारा तिकीट काढतो, काका. आपल्याकडं नवरदेवाचा बाप काढतो.”

मला हसू आलं, पण मी हसलो नाही.

प्रत्येक गाण्याच्या तो दोन प्रकारच्या सीड्या करी, लाल ठिपक्याची आणि हिरव्या ठिपक्याची. नाव एक, भाव एक. मी दोन्ही मागून घेऊन घरच्या लहान प्लेअरवर लावल्या. काडीचाही फरक कळला नाही. म्हणजे एकच माल दोन नावांनी खपवणं चाललेलं.

“हिरवी भूकंपाच्या पट्ट्यातल्या गावांसाठी हाय,” तो म्हणाला.

“का? तिथल्या लोकांचे कान वेगळे असतात?”

त्यानं सुमनकडे पाहिलं आणि विषय बदलला. ते मला फार खटकलं.

सुमनचं माहेर त्याच पट्ट्यातलं. भूकंप झाला त्या साली ती गणपतीला माहेरी गेली होती. आई आणि धाकटी बहीण गेली. ही आणि भाऊ वाचले. आधी जमिनीच्या पोटातून आवाज आला आणि मग भिंती आल्या, एवढंच ती एकदा बोलली. तेव्हापासून गिरणीचा पट्टा फिरू लागला, की ती दळणाचा डबा तिथेच टाकून रस्त्यावर येई. आता त्या भावाच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. वरातीत डीजे होता. “अक्षता टाकून निघू,” ती म्हणे.

अशात शेजारीण मला फाटकाशी थांबवून म्हणाली, “भाऊजी, तुम्ही ऑफिसला गेलात की वहिनी गच्चीवर जातात. सांगावं वाटलं म्हणून सांगितलं.”

दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत न सांगता घरी आलो. मिक्सभाईची खोली सताड उघडी. सुमन उंबऱ्यावर बसलेली, पाय बाहेर, पळायच्या तयारीत. आत चक्क स्पीकर चालू होता.

“आता, काकू?”

“चालतंय.”

त्यानं बटण किंचित फिरवलं. “आता?”

ती ताडकन उभी राहिली. “न्हाई! माघारी घे. ह्याच्या खाली गेलास, की जमीन बोलती.”

त्यानं भिंतीला तळहात लावला, मान हलवली आणि बटण मागे घेतलं. हिरव्या सीडीत हाच जमीन हलवणारा खोल आवाज कापलेला असे; आमच्या लहान प्लेअरवर तो मुळात निघतच नसे.

“माझी अट काय होती?” मी दारातून म्हणालो.

त्यानं स्पीकर बंद केला. सुमनच म्हणाली, “अट मी मोडायला लावली. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही भाडेकराराचा कागद काढला असता. मला भाचीच्या वरातीत उभं राहायचंय.”

मी ऑफिसला परत गेलो. भरवसा मात्र बसला नव्हता.

वैशाखात वरात निघाली. मी मोटरसायकलची किल्ली मुठीत धरून तिच्या मागेच उभा होतो. डीजेच्या गाडीवर हिरव्या ठिपक्याची सीडी लागली. सुमननं चपला काढल्या आणि तापलेल्या जमिनीवर अनवाणी उभी राहिली, डोळे मिटून. हलगी आली. तिच्याखालचा ठोका आला. ओट्यावरच्या, भूकंप पाहिलेल्या म्हाताऱ्या घाबरून उठल्या नाहीत. मग हिनं डोळे उघडले, “सरका गं जरा,” म्हणाली आणि पोरींच्या घोळक्यात शिरली. बाप रे, तिला नाचताना मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

आषाढात लग्नं थांबली आणि मिक्सभाई खोली सोडून नांदेडला परत निघाला. माझ्या मेहुण्यानं वरातीच्या गाण्यांसाठी दिलेल्या पैशांतली पाचशेची नोट त्यानं सुमनच्या हातावर ठेवली.

“काकू, ही तुमची मजुरी.”

ती नको म्हणेल असं मला वाटलं. तिनं घेतली.

त्याची रिक्षा कोपऱ्यावर वळल्यावर मी ती नोट मागितली आणि उजेडात धरून पाहिली. खरी होती. सुमननं ती माझ्या हातातून काढून घेतली.