टीव्हीच्या बाजूचं स्टूल

टीव्ही लागला की माणसं समोर बसतात. आमचे शेजारचे काकाजी बाजूला बसत. टीव्हीच्या डाव्या अंगाला, भिंतीशी, एक लाकडी स्टूल होतं, त्यावर. तिथून पडदा जेमतेम तिरपा दिसायचा, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांचं तोंड आमच्याकडे असे. गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक ओठांपुढे धरून ते बसत आणि पडद्यावरची बाई काय बोलणार ते ती बोलायच्या आधी हलकेच बोलून टाकत. तिला उशीर झाला की तळहात खालून वर नेत म्हणत, "उचल बाई, उचल."

पुढची गोष्ट आधीच सांगून मजा घालवणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काकाजी त्यातले नव्हते. गोष्टीत पुढे काय होणार याची त्यांना फिकीर नसे, फक्त पुढचं वाक्य त्यांना आधी सापडे. ते जन्मभर गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये मुकादम होते आणि दिवाळीनंतर हंगाम लागला की झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर. आमच्याकडे नाटकं खूप आणि तालमी थोड्या. गाव रोज वेगळं, कधी कधी नाटकही वेगळं. विंगेत बसून वाक्य पुरवणारा माणूस गप्प झाला तर स्टेजवरचा राजा मुका. अशा कैक राजांना काकाजींनी बोलतं ठेवलं होतं. पुढे गुडघे गेले, मिल सुटली, नाटकं सुटली, पण तोंडाची सवय सुटली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला आम्ही दोन्ही घरांनी मिळून मधली भिंत एकच बांधली, त्यामुळे त्यांचा कुकर कधी झाला हे मला माझ्या स्वयंपाकघरात कळतं. माझ्या नवऱ्याला बातम्यांतली भांडणं आवडतात. आठ माणसं आठ चौकटींत बसून एकाच वेळी ओरडतात आणि हा गृहस्थ मान डोलावतो. त्या गोंगाटातून उठून मी संध्याकाळी काकाजींकडे जायची. मला पाहिलं की काकू आतून म्हणत, "अजी, म्याडम आल्या, सतरंजी टाका."

हे "अजी" मी भिंतीतून दिवसभर ऐकलेलं. अजी, गॅस बंद करा. अजी, नळ आला. अजी, कोठी गेल्ते? काकूंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. मोहल्ल्यात हळदीकुंकवाला नाहीतर बारशाला बाया नाव घ्यायला लावत, तर काकू पदर तोंडात कोंबून पळून जात. त्यांच्या नातीच्या बारशाला तर न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसल्या होत्या. तेव्हा काकाजींचं नाव मीही इथे लिहीत नाही. या घरात ते "अजी"च होते.

त्यांच्या आवडीनिवडी कडक होत्या. इतिहासावरच्या मालिका फार आवडायच्या, कारण त्यांत माणसं छातीतून बोलतात. कोणी सरदार लांबलचक भाषण एका दमात म्हणून गेला की काकाजी दुपट्टा खाली करून म्हणत, "याले प्राम्टर लागत नाही." ही त्यांची सगळ्यात मोठी शाबासकी. शेतीचा कार्यक्रमही आवडे. त्यात सालेकशाकडचा नाहीतर नवेगावचा कोणी शेतकरी कॅमेऱ्यासमोर घाम पुसत अडखळला, तर काकाजी जीव तोडून त्याला वाक्य देत. गाण्यांच्या स्पर्धा नकोशा. "गानं कमी न रडनं जास्त." विनोदी कार्यक्रमात मागे हसण्याचा आवाज आला की विचारत, "हे हासनारे बसून कोठी राहिले? दाखवत काऊन नाही?" दाक्षिणात्य चित्रपट हिंदीत लागला की उठूनच जात. ओठ एक म्हणतात, कान दुसरं ऐकतो, याने त्यांचं डोकं दुखे.

पण खरा राग होता तो काकूंच्या दिवेलागणीच्या मालिकेवर. तुम्हाला माहीत आहे ती तऱ्हा. सासू एक वाक्य बोलते. वीज कडाडते. मग सुनेचा चेहरा, मग जावेचा, मग पुन्हा सासूचा. काकाजी स्टुलावर तळमळत.

"एका वाक्याले तीन थोबाडं," ते म्हणत. "एवढ्यात आमचा राजा मरून, उठून, चहा पिऊन येते."

"अजी, उगेमुगे बसा ना," काकू सुपातले खडे वेचता वेचता म्हणत. "आयकू त द्या."

"आयकाले हाये का त्यात?"

"तुमच्या राजाले तुमीच आयका."

हे रोजचं होतं. मला मालिकेपेक्षा यांचं भांडण अधिक आवडे, खोटं कशाला बोलू.

काकाजींचा एक किस्सा ते स्वतःच सांगत. एका गावात नायक भर दरबारात सगळं विसरला आणि घामाघूम होऊन यांच्याकडे पाहू लागला. काकाजींना वाटलं, पोराला भोवळ येते की काय. त्यांनी मागच्या गड्याला सांगितलं, "पानी पाजा त्याले." नायकाला वाटलं, हेच वाक्य. त्याने खलनायकाकडे बोट करून गर्जना केली, "पाणी पाजा त्याला!" खलनायकही मुरलेला. तो गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "महाराज, आपली दया थोर आहे." मंडपात टाळ्या पडल्या. पुढे त्या नाटकात ते वाक्य कायमचं राहिलं, असं काकाजी म्हणत. खरं किती ते त्यांनाच माहीत.

मग एका सकाळी भिंतीपलीकडून भांडं पडल्याचा आवाज आला आणि त्याच्यामागून काकूंचं "अजी, पडलं जी" आलं नाही. काकाजींनी मला हाक मारली. काकू ओट्याखाली बसलेल्या, उजवा हात लोंबकळत होता, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. नागपूरला नेलं. जीव वाचला, पाय हळूहळू टेकू लागला, पण बोलणं गेलं. सगळं कळायचं, हसायच्या, रडायच्या. शब्द तेवढा येत नव्हता. भिंत गप्प झाली. मी भाजी चिरताना कान देऊन उभी राहायची आणि मला रडू यायचं.

गोंदियात एक डॉक्टरीण बाई बोलण्याचे व्यायाम शिकवायला होती. तरुण होती, मायाळू होती. तिने सांगितलं, घरातल्या माणसांची नावं घ्यायला लावा, जवळचं नाव लवकर येतं. भंडाऱ्याहून लेक आली. ती रोज आईसमोर बसे. "आई, बाबाचं नाव घे. म्हन बरं." काकू मान हलवत आणि धडधाकट डाव्या हाताने पदर डोक्यावर ओढत. लेकीला वाटे, आई कंटाळली. तिने पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. काकू भिंतीकडे तोंड करून निजल्या.

काकाजी आमच्या दारापुढच्या ओट्यावर येऊन बसले. मी चहा दिला तर तो हातातच धरून ठेवला.

"म्याडम, तिनं जलमात माहं नाव घेतलं नाही," ते म्हणाले. "जे पाठच नाही ते आठवन कसं?"

"मग काय पाठ आहे काकूंचं?"

"अजी." ते म्हणाले आणि चहा तसाच खाली ठेवला. "तेवढं एकडाव आयकलं का झालं. मंग नाही बोलली तरी चालते."

त्यानंतर आमच्या गल्लीला नवल वाटावं अशी गोष्ट घडली. काकाजींनी इतिहास सोडला. शेती सोडली. संध्याकाळ झाली की ते जातीने ती दिवेलागणीची मालिका लावू लागले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीच परत दाखवत, तेव्हाही लावू लागले. कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर थट्टा झाली की म्हाताऱ्याला आता सासू आवडायला लागली.

मी मात्र विचारलं. "काकाजी, एका वाक्याला तीन थोबाडं आता कशी चालतात?"

"त्यातच त जागा हाये," ते म्हणाले. "तुमचा सरदार बोलते धडाधडा. तिले कोठून सापडन मधात? हे शिरेलवाले थांबतात. तीन थोबाडं होईस्तोवर तिचं तोंड तयार होते."

मग मी पाहिलं. काकूंना समोर लोडाला टेकवून बसवलेलं. काकाजी स्टुलावर, दुपट्टा ओठांपुढे, नजर काकूंच्या तोंडावर. संध्याकाळी ते फक्त ऐकून वाक्यं पाठ करत. "आधी प्रयोग, मंग तालीम. उलटं हाये आमचं," ते म्हणत. दुसऱ्या दिवशी दुपारी सून "नको" म्हणणार त्याच्या आधी ते काकूंना "नको" देत. वीज कडाडे, पहिला चेहरा, दुसरा चेहरा. काकाजींचा तळहात हळूहळू वर जाई. "उचल वो, उचल." काकूंचे ओठ थरथरत. तिसरा चेहरा जाई आणि काकाजी म्हणत, "पुढचं घेऊ."

जी मालिका पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडत, तिच्यातली एक थांबण्याची जागा कमी झाली तरी आता ते हळहळत. जाहिराती लवकर आल्या तर वाहिनीवाल्यांना शिव्या देत. आवड बदलली नव्हती. बायकोसाठी ती बाजूला ठेवली होती, पायातल्या चपला काढून ठेवाव्या तशी.

पहिला शब्द आला तो मी समोर असताना. रविवारची दुपार होती. सासूने कोणाला तरी "चालती हो" म्हटलं होतं आणि काकाजींनी तेच दिलं होतं. तेवढ्यात माझा कप रिकामा दिसला म्हणून ते मला म्हणाले, "म्याडम, चहा घ्या." पहिला चेहरा गेला, दुसरा गेला आणि काकू जड जिभेने म्हणाल्या, "चहा घ्या."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. काकाजी हसायला लागले. त्यांना तो नायक आठवला असणार, मलाही आठवला. हसता हसता त्यांनी दुपट्टा तोंडापुढून डोळ्यांवर नेला आणि तो बराच वेळ खाली आलाच नाही. काकू घाबरल्या आणि मला पुन्हा म्हणाल्या, "चहा घ्या."

मी घेतला. त्या दिवशी किती चहा प्यायले मला माहीत नाही.

पुढे "नको" आलं, "बस" आलं, एकदा रागात "काऊन" आलं. पण काकाजी ज्याची वाट पाहत होते ते येईना. मालिकेतली सून नवऱ्याला "अहो" म्हणे. तिथे काकाजी बदल करत. "आमच्याकडं अहो नाही," असं पडद्याला सांगून काकूंना "अजी" देत. काकू तोंड उघडत, त्यांच्याकडे बघत, हसत आणि तोंड मिटून घेत. एकदा मला वाटलं, समोर बसलेल्या माणसाला हाक कशाला मारायची, असं तर त्यांना वाटत नसेल? मी ते बोलले नाही. काकाजी म्हणायचे, "विंगेत हाये जी ते. यायचं हाये फक्त."

धानाची कापणी सुरू होती त्या दिवसांत काकाजी दुपारी जेवून, मालिकेला अवकाश होता म्हणून, जरा आडवे झाले. उठले नाहीत. काही त्रास नाही, आवाज नाही. काकूंनी टीव्हीच्या वेळेला त्यांना डाव्या हाताने हलवलं आणि मग भिंतीवर थापा मारल्या. त्या थापा मला ऐकू आल्या म्हणून मी गेले.

विहारातली माणसं आली, त्रिशरण पंचशील झालं, लेक आली. काकू रडल्या नाहीत. सगळ्यांकडे बघत होत्या, कोणीतरी काही सांगेल म्हणून बघावं तसं. लेकीने त्यांना भंडाऱ्याला न्यायचं ठरवलं. सामान बांधायचं काम चार दिवस चाललं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी दिवे लागले तेव्हा मी गेले. लेक आत डबे भरत होती. टीव्ही बंद होता आणि त्या बंद टीव्हीसमोर काकू बसल्या होत्या, ते मला बघवेना. मी तो लावला. तीच मालिका, तीच वीज. काकाजींच्या स्टुलावर कोणीतरी वाळलेल्या कपड्यांचा ढीग ठेवला होता. काकू घसरत घसरत पुढे झाल्या, डाव्या हाताने त्यांनी तो ढीग खाली ढकलला आणि पुन्हा लोडाला टेकल्या. पडद्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

पडद्यावरची सून दारात उभी राहून म्हणाली, "अहो."

पहिला चेहरा आला. स्टुलावरून कोणी काही दिलं नाही. दुसरा चेहरा आला.

"अजी," काकू म्हणाल्या.

स्पष्ट म्हणाल्या. भिंतीतून यायचं तसंच, शेवटी जरा वर जाणारं. आतली लेक डबा हातात घेऊन दारात आली. तिसरा चेहराही येऊन गेला, मालिका पुढे सरकली. काकू मात्र स्टुलाकडे बघत तशाच थांबल्या होत्या, ओठ अर्धवट उघडे ठेवून, पुढचं वाक्य येईल म्हणून.