विहिरीकडची फांदी

काटोल सुटलं आणि पॅसेंजरच्या दोन्ही बाजूंना पळस दिसायला लागला. फाल्गुन होता. पानं झडून गेलेली आणि झाडभर नुसती केशरी फुलं. समोरच्या बाकावरच्या एक बाई संत्री सोलून ओळखदेख नसलेल्यांनाही वाटत होत्या. मलाही चार फोडी मिळाल्या. फोडी तोंडात टाकत मी मात्र इतक्या केशरीत कुठे एखादं पिवळं झाड दिसतंय का ते शोधत होते. दिसलं नाही. दिसलं असतं तर पुढची सगळी यातायात वाचली असती.

त्या पिवळ्या झाडाबद्दल आधी सांगायला हवं. माझ्या गुरू वत्सलाबाई या भागातल्या वनस्पती हिंडून गोळा करणाऱ्या पहिल्या बाई. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, तिगाव हा सगळा पट्टा त्यांनी तरुणपणी मिळेल त्या बसनं आणि बाकीचा पायी पालथा घातला. खांद्यावर रद्दीचा गठ्ठा आणि लाकडी जाळीच्या दोन फळ्या. झाडाची फांदी रद्दीत ठेवायची, फळ्यांमध्ये आवळून वाळवायची आणि मग जाड कागदावर टाके घालून बसवायची, हे त्यांचं काम. गावोगावचे लोक त्यांना आधी कुटुंबनियोजनवाली समजायचे, मग जडीबुटीवाली. शेवटी ‘पालेवाली बाई’ हे नाव पडलं आणि ते बाईंना फार आवडायचं. त्यांनी टाके घातलेल्या कागदांवर आमच्या दोन पिढ्या शिकल्या.

एका नोंदीपायी मात्र त्यांना आयुष्यभर टोमणे खावे लागले. पिवळ्या फुलांचा पळस फार दुर्मीळ. तो या भागात पाहिल्याचं त्यांनी छापलं. नंतर कितीतरी जण शोधून गेले, कुणालाच तो सापडला नाही. वाळवलेलं केशरी फूलही काही वर्षांत फिकट पडतं, तेव्हा बाईंचा गोंधळ झाला असणार, असं बोललं जाऊ लागलं. जागा विचारली की बाई म्हणायच्या, “आता आठवत नाही.” मग हशा पिकायचा. मी स्वतः असे हशे ऐकले आहेत आणि दर वेळी माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे.

आता इथल्या वनस्पतींची यादी नव्यानं होते आहे. बाईंची ती नोंद ठेवायची की वगळायची हे ठरवण्याआधी एकदा जाऊन पाहायचं काम माझ्याकडे आलं. बाईंनी ऐंशी कधीच ओलांडली. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांना खरं ठरवायचं, एवढंच मनात धरून मी निघाले होते.

वाटेत नागपुरात त्यांना भेटले. जागा विचारली. “आठवत नाही,” म्हणाल्या. मी चपला घालत असताना हळूच म्हणाल्या, “तिकडे जातेच आहेस तर कमलच्या घरी जेव. पातोडी छान करते. माझा नमस्कार सांग.” गावाचं नावही सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. कमलताईंचं नावही मी बदललं आहे.

पांढुर्ण्यात उतरून स्टेशनबाहेर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा तिखट रस्सा) खाल्ले आणि नाकाडोळ्यांतून पाणी गाळत रिक्षात बसले. रिक्षा जाम नदीच्या पुलावरून गेली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच पात्रात पळसाचं झाड रोवतात आणि दोन काठांवरची माणसं त्याच्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. मी पाहिलं तेव्हा तिथे म्हशी निवांत डुंबत होत्या.

पुढे बसनं सौसरला जाऊन तिथे एक गाडी ठरवली. चालकाला सांगितलं, पळस बघायचाय, जिथे दाट असेल तिथे न्या. त्यानं मान डोलावली आणि गाडी थेट जामसांवलीच्या हनुमानाच्या मंदिराशी उभी केली.

“अहो, मला पळस बघायचाय.”

“पाहा ना जी पळस, कोन नाही म्हनून राह्यलं? पन आज शनिवार हाये. पहले दर्शन, मंग पळस.”

बाहेरगावचं माणूस शनिवारी इथे आलं म्हणजे ते दर्शनालाच आलं, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. मी मुकाट्यानं रांगेत उभी राहिले. आडवा पहुडलेला हनुमान मी पहिल्यांदाच पाहिला. सगळे हात जोडून मूर्तीकडे बघत होते आणि मी सवयीनं रुईच्या माळांकडे, पानावर लव किती आहे ते. मागच्या आजोबांनी कोपरानं ढोसलं, “सामने पाहा बाई, सामने.”

नंतर चालकानं शब्द पाळला. मोहगावच्या बाजूची शिवारं, तिगावच्या बाजूची टेकडी, सगळं फिरवलं. ऊन चढलं, सलवारीला कुसळं चिकटली, पाण्याची बाटली गाडीतच राहिली. पळस पोटभर पाहिला. सगळा केशरी. मधूनच एखाद्या बांधावर छाटून बोडका केलेला पळस दिसायचा. सरपणाला किंवा पिकावर सावली नको म्हणून छाटतातच, तेव्हा तिकडे मी लक्ष दिलं नाही. परत फिरताना मन खट्टू झालं होतं. खरंच बाईंचा गोंधळ झाला असेल का, हा विचार मनात आला आणि मला माझाच राग आला.

दुसऱ्या दिवशी कमलताईंच्या घरी जेवायला गेले. ताई साठीच्या आसपासच्या. मालक संत्री घेऊन मंडीत गेले होते. पानात ज्वारीची भाकर, पातोडी (बेसनाच्या वड्या घातलेला झणझणीत रस्सा) आणि त्यावर मूठभर सांबार (कोथिंबीर).

“इकडं कायले आल्या मॅडम?”

“पिवळा पळस शोधतेय.”

रस्सा वाढणारा हात थांबला. “कोन सांगतलं तुमाले?”

“कुणीच नाही. वत्सलाबाईंनी नमस्कार सांगितलाय फक्त.”

“पालेवाल्या बाई?” त्यांनी पळी खाली ठेवली. “आहेत आजून? तीन-चार साल झाले, येनं बंद झालं त्यायचं. मले वाटलं, गेल्या.” पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, “जेवा पहले.”

जेवण झाल्यावर त्या मला वावरात (शेतात) घेऊन गेल्या. संत्र्याच्या बागेपलीकडे बांधावर एक पळस होता. बोडका, ठेंगू, काल पाहिलेल्यांसारखाच. एका अंगाची साल कधीकाळी सोलून निघाली होती आणि कडांनी नवी साल भरून आली होती. ताईंनी मला वळसा घालून विहिरीच्या बाजूला नेलं. तिथे पाण्यावर झुकलेली एकच फांदी राखलेली होती, आणि तिच्यावर फुलं होती. पिवळी. लिंबाच्या पिकल्या सालीसारखी पिवळी. मला रडू फुटलं आणि मी ते आवरलंही नाही.

“बाईंनी छापलं न् लोकं येऊन राह्यले,” ताई सांगू लागल्या. “कोनी साल काढे, कोनी मुळी खोदे. ह्याची मुळी जवळ असली का गुप्तधन दिसते म्हने. एक दिवस पाह्यलं त अर्धी साल गायब. सासूबाई बाईंवर इतक्या चिडल्या! बाई ह्याच बांधावर बसून रडल्या. मंग त्यायनंच सांगतलं, दरसाल पौषात छाटत जा. फूल नाही त वळख नाही. बिनफुलाचा पळस सारे सारखेच.”

“आणि ही फांदी?”

“सासूबाईंनं ठेवली. म्हने, झाडाले फुलाचा इसर नाही पडला पाह्यजे.” बोलता बोलता त्या विहिरीच्या काठावर पडलेली फुलं वेचून ओच्यात टाकत होत्या. ती उकिरड्यात पुरायची, हेही रोजचंच काम.

मी तावातावानं बोलले. बाईंना लोक हसतात, एक फोटो पुरे, एवढंसं टिपण पुरे, सगळ्यांची तोंडं बंद होतील. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाईंसाठी काहीबी करू आमी. पन तुमी छापलं त पुन्हा तेच लोकं. मालकाचं वय झालं, कोनाकोनाले हाकलन? मंग आमालेच कापा लागन हे.” थोड्या वेळानं म्हणाल्या, “बाईंले इचारा. त्या सांगतीन तसं.”

मी फोटो काढला नाही. आयुष्यात पहिल्यांदा असं झाड पाहिलं आणि फूलही न तोडता परत आले.

नागपुरात बाई खिडकीशी बसल्या होत्या.

“जेवलीस?”

“जेवले.”

“आणि?”

“विहिरीकडची फांदी ठेवलीय.”

 बाईंनी लहान मुलीसारखं विचारलं, “रंग तोच?”

“तोच.”

मग मीच विचारलं, “बाई, तुम्ही आम्हाला शिकवलंत की जे दिसलं तेच लिहायचं. मी आता काय लिहू?”

“आढळला नाही, असं लिही.”

“पण मग तुमची नोंद जाईल.”

“जाऊ दे. झाडामुळे नोंद आहे, नोंदीमुळे झाड नाही. छापायची घाई मी केली होती, त्याची किंमत झाडानं का द्यावी?”

मी तसं लिहिलं.  नव्या यादीतून बाईंची नोंद वगळली गेली आणि त्या बैठकीत पुन्हा एकदा हशा पिकला. या वेळी मला राग आला नाही, आश्चर्यच वाटलं. इतकी वर्षं हा हशा बाईंनी स्वतःहून अंगावर घेतला होता, झाडावरचं लक्ष उडावं म्हणून. प्रवासाहून मी रिकाम्या हातानं आले, असं सगळे समजतात. समजोत.

हे लिहू का, म्हणून दोघींनाही विचारलं. बाई म्हणाल्या, लिही, पण वाट चुकवून लिही. तेव्हा कुदळ घेऊन निघणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्या भागात छाटलेले पळस बांधाबांधावर आहेत, आणि विहिरीही.

पौष लागला तसा कमलताईंचा फोन आला. “मॅडम, छाटला.”

त्यांना एक गोष्ट विचारून घेऊन मी लगेच बाईंना कळवलं. त्यांनी एवढंच विचारलं, “फांदी?”

“ठेवली,” मी म्हटलं.