डावऱ्याचा हातोडा

सुताराने पटाशी उन्हात धरली, तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "पोरी, हिला देवी आल्या होत्या का गं?"

लोहाराची थोरली लेक हसली नाही. पटाशीची पाठ सपाट लागते. हिच्या पाठीवर नखाएवढ्या चंद्रकोरी उठल्या होत्या. माल परत यायची ही दुसरी वेळ. वडिलांचा खांदा आखडला तेव्हा त्यांनी भट्टी तिच्या हाती दिली खरी, पण बजावून दिली: तिसऱ्यांदा माल परत आला, की जागा शेजारच्या वेल्डरला.

सुताराने सहा पटाश्यांसाठी शनिवारची मुदत दिली.

"हातोडा तुला जड होतोय," वडील बाकावरून म्हणाले. "हलका घे."

तिने बाजारातून हलका आणला. त्याचं तोंड कोरं, कडा तीक्ष्ण. चंद्रकोरी गेल्या आणि चौकोनी खाचा आल्या. त्यात दोन दिवस गेले. तो खिळ्याला टांगून तिने पुन्हा वडिलांचा उचलला.

बुधवारी तिने एका टाकाऊ पट्टीवर मुद्दाम वीस घाव घातले आणि पट्टी निवू दिली. वीसच्या वीस खुणांत हातोड्याची कड उजव्या अंगाला रुतली होती. हात चुकत असता तर ती कुठेही रुतली असती. मग तिने हातोड्याच्या तोंडावर पोलादी फूटपट्टी टेकवली. घाव घालताना डावीकडे येणारी बाजू झिजून बसली होती. उजवी तशीच उभी.

"आबा, तुम्ही डावरे!"

"आज कळलं होय तुला?"

"मला ठाऊक होतं हो. हातोड्यालाही ठाऊक आहे, हे लक्षात आलं नव्हतं."

आबा फूटपट्टीखालच्या फटीकडे बघत राहिले. "मी जेवतो उजव्या हाताने," ते उगाचच म्हणाले. ती सहाणेच्या चाकाकडे निघाली, तसे ते उठले. "थांब. ते तोंड असं व्हायला तीस वर्षं लागलीत."

"माझ्याकडे शनिवारपर्यंतच वेळ आहे."

ती दुपारभर घासत होती. तापून तोंडाचं पाणी उतरून ते मऊ पडू नये म्हणून घडीघडी बादलीत बुडवत होती. उजवी बाजू खाली आणली, कडा मोडल्या आणि मध्ये पालथ्या बशीसारखा, हाताला जेमतेम कळेल असा फुगवटा ठेवला. पुढचे दोन दिवस तिने सहा पटाश्या नव्याने घडवल्या.

शनिवारी सुताराने एकेक पटाशी काचेवर पालथी टाकून बोटाने दाबली. एकही डुगडुगली नाही.

"देवी बऱ्या झाल्या वाटतं," तो म्हणाला आणि सहाही पिशवीत टाकून गेला.

आबांनी हातोडा डाव्या हातात घेतला, ऐरणीवर हलकेच एक ठोका दिला आणि तोंड वाकडं केलं.

"परका झाला," ते म्हणाले.

ऐरणीच्या डाव्या बाजूचा, हातोडा टांगायचा खिळा त्यांनी सांडशीने उपटला आणि उजवीकडे ठोकायला तिच्या हातात दिला.