कपबशीची बिस्किटं

“अक्कल हाय का न्हाय तुला? खायच्या वस्तूवर कुनी निशानी मारतं?”

लडकूशेठ भोईरांनी तिसरा डबा उघडला आणि कपाळ धरलं. त्यातही तेच. एकेका संत्रा-बदाम बिस्किटावर सुबक कपबशी उमटली होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवार म्हणून त्यांना मिळालेली, खुद्द त्यांची निशाणी.

“मंग काय करू? भट्टीवर सगल्यांची बिस्कुटं सारकीच दिसतात,” त्यांची बायको राहीबाई म्हणाली.

घरी पीठ मळायचं, धामणकर नाक्याजवळच्या बेकरीच्या भट्टीवर न्यायचं आणि भाजून आणायचं, ही अंजूरच्या बायकांची रीत. भाजायच्या पत्र्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून जी ती आपली खूण करते. कुणी बोट दाबते, कुणी बाटलीचं बूच. राहीबाईला दुसऱ्या कुणाकडे नसेल अशी खूण हवी होती. प्रचाराचे झेंडे छापायला आणलेला लाकडी ठसा कपाटावर पडून होता, अजून शाईही न लागलेला. तिने तो धुतला आणि दाबत सुटली.

शेती होती तोवर तिला बिस्किटं सुचली नव्हती. काल्हेरच्या शेतावर गोदामं उभी राहिली आणि हात रिकामे झाले. त्यात मागच्या नाताळच्या सुट्टीत लेकीची मुलगी पूर्वी आजोळी आलीच नाही. “इकडच्या आजीकडे ओव्हन आहे. ती संत्र्याची बिस्किटं करते,” असं तिने ठाण्याहून फोनवर सांगितलं. राहीबाईने ते वर्षभर मनात ठेवलं. यंदा तिने नातीला शब्द दिला होता, आणि पूर्वी उद्या येणार होती.

“मतदारांना वाटायला केली म्हनून माज्यासमोर उभा ऱ्हायलेला रामनाथ तक्रार करील. आचारसंहिता लागलीय! समदी खाडीत टाक.”

“पोरीची बिस्कुटं खाडीत? मासं मत देतात का तुमाला?”

सून निशा मध्ये पडली. “आबा, थांबा. किसणीने खूण घासून काढते.”

तिने एक बिस्किट घासलं. कप गेला, बशी राहिली. लडकूशेठनी ते ट्यूबलाइटखाली धरलं आणि ते किंचाळले, “ही तर ताटली झाली! ताटली रामनाथची निशानी! माज्या घरात त्याचा प्रचार?”

निशाने घाबरून आणखी घासलं. बिस्किटाचा भुगा झाला.

“भुगा बरा हाय,” लडकूशेठ आशेने म्हणाले. “भुग्याला निशानी नसते.”

राहीबाईने किसणी हिसकावून घेतली.

“मंग खाऊन टाका समदी. आत्ताच!” असा हुकूम सोडून त्यांनी स्वतःच सुरुवात केली. थोड्या वेळाने त्यांचा आवाज उतरला. “बदाम मातर झकास लागतो,” असं म्हणत त्यांनी पुन्हा डब्यात हात घातला. राहीबाईने त्यांच्या बोटांवर झाकण लावलं.

“तू ऐकून ठेव,” बोटं चोळत ते म्हणाले. “एका घरात बिस्कुटं नि उमेदवार दोनी ऱ्हानार न्हाईत.”

राहीबाईला ते पटलं. तिने डबे कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“निशा, आबांची गोधडी बांध. मतदान होईस्तवर ते काल्हेरच्या आपल्या गोदामात ऱ्हातील. बिस्कुटं हितंच ऱ्हातील.”